नमुन्याची सरासरी ठरलेल्या सरासरीपेक्षा वेगळी आहे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदवीच्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प करणारी मुले, बी.एड. आणि एम.कॉम.चे विद्यार्थी, गोव्यातल्या वेर्णा-कुंडईच्या औषध कारखान्यांत गुणवत्ता तपासणीत नव्याने लागलेली मंडळी आणि सत्तरी तालुक्यातले एक-दोन चिकित्सक बागायतदार यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळे वाचायची गरज नाही. मात्र प्रश्न ७ आणि ८ कुणी गाळू नयेत. प्रकल्प फसतात ते बहुधा तिथे, गणितात नव्हे.

१. एका नमुन्याच्या टी-चाचणीने नेमके कळते काय?

तुमच्याकडे एक ठरलेला आकडा आहे: वेष्टनावर छापलेले वजन, सरकारी मानक, एखाद्या जातीबद्दलचा दावा. आणि तुम्ही स्वतः मोजलेल्या काही वस्तू आहेत, म्हणजे नमुना. त्यांची सरासरी त्या आकड्याशी तंतोतंत जुळणार नाही, हे उघड आहे. दुसऱ्या दहा वस्तू उचलल्या असत्या तर तिसराच आकडा आला असता. मग दिसणारा फरक निव्वळ उचलाउचलीचा आहे, की ज्या साठ्यातून उचलले त्याची सरासरीच वेगळी आहे? चाचणी एवढेच सांगते. फरक का पडला, हे ती सांगत नाही. तो महत्त्वाचा आहे का, हेही नाही.

२. सूत्र पुस्तकात आहे. आकडे घालून एकदा करून दाखवाल का?

वेंगुर्ला-४ या काजूच्या जातीच्या एका बीचे सरासरी वजन ७.७ ग्रॅम असे माहितीपत्रकांत असते. समजा वाळपईजवळच्या एका बागेत वेगवेगळ्या दहा झाडांखालून एकेक बी घेतली, वाळवली आणि सोनाराकडे असतो तसल्या काट्यावर तोलली. (आकडे शिकवण्यापुरते रचलेले आहेत.)

७.१, ७.९, ६.८, ७.४, ७.६, ७.०, ८.१, ७.२, ७.५, ६.९

बेरीज ७३.५, म्हणून सरासरी ७.३५. आता प्रत्येक बी या सरासरीपासून किती दूर आहे ते काढा, त्याचा वर्ग करा, वर्गांची बेरीज करा: १.६६५. तिला ९ ने भागले की ०.१८५, आणि त्याचे वर्गमूळ ०.४३. हे प्रमाण विचलन. एकेक बी सरासरीपासून साधारण किती इकडे-तिकडे असते, ते यातून दिसते.

पण आपल्याला एका बीचे नव्हे, दहा बियांच्या सरासरीचे हेलकावे हवेत. म्हणून ०.४३ ला १० च्या वर्गमुळाने, म्हणजे ३.१६ ने भागायचे. आले ०.१३६. ही प्रमाण त्रुटी.

दाव्यापासूनचा फरक ७.३५ वजा ७.७, म्हणजे −०.३५. त्याला ०.१३६ ने भागले की टी = −२.५७. स्वातंत्र्य मात्रा (नमुन्याची संख्या वजा १) ९ असताना दुतर्फी, म्हणजे कमी-जास्त दोन्ही बाजूंचा फरक धरणाऱ्या, ५ टक्के पातळीला टीच्या कोष्टकातला आकडा २.२६२ आहे. आपला टी चिन्ह सोडून त्याहून मोठा आहे आणि पी-मूल्य (त्याचा अर्थ प्रश्न ५ मध्ये) सुमारे ०.०३ येते. म्हणजे ५ टक्के पातळीवर दावा टिकत नाही. १ टक्का पातळी आधीच ठरवली असती, तर कोष्टकातला आकडा ३.२५० आहे आणि दावा टिकला असता.

३. वर दहा बिया असताना ९ ने का भागले?

खरी सरासरी माहीत नसल्यामुळे अंतरे नमुन्याच्याच सरासरीपासून मोजली. ती सरासरी त्याच दहा आकड्यांतून आल्यामुळे त्यांच्या मधोमध बसते, आणि अंतरे खऱ्यापेक्षा थोडी लहान भरतात. ९ ने भागून ती तूट भरून काढायची. काही कॅल्क्युलेटरांवर ९ ने आणि १० ने भागणारी अशी दोन्ही बटणे असतात, तेव्हा तुमचे उत्तर मैत्रिणीच्या उत्तरापेक्षा किंचित वेगळे आले तर आधी हे तपासा.

४. टी-चाचणी की झेड-चाचणी? तिसाच्या वर नमुना असला की झेड, असे आम्हाला शिकवले आहे.

तिसाचा नियम छापील कोष्टकांच्या जमान्यातली सोय आहे. खरा प्रश्न असा की प्रमाण विचलन तुम्हाला बाहेरून माहीत आहे, की याच नमुन्यातून काढले? नमुन्यातून काढले असेल तर टी, मग वस्तू ५ असोत वा ५००. नमुना मोठा होत गेला की दोन्ही उत्तरे जवळजवळ एकच होतात. दुतर्फी ५ टक्क्यांसाठी झेडचा आकडा कायम १.९६, तर टीचा ५ वस्तूंना २.७७६, ३० वस्तूंना २.०४५. लहान नमुन्यावर झेड वापरणारा नसलेला फरक पकडून बसतो.

बाहेरून माहीत असणे क्वचित घडते. बुद्ध्यंकाच्या काही चाचण्या सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ येईल अशाच बेतलेल्या असतात. एखाद्या यंत्राची वर्षानुवर्षांची नोंद कारखान्याकडे असते. अशा वेळी झेड चालते.

टीचा जन्म डब्लिनच्या गिनेस या बिअर कंपनीत झाला, हे आमच्याकडच्या मुलांच्या चांगले लक्षात राहते. विल्यम गॉसेट तिथे काम करत होता. बार्लीच्या प्रयोगांत हाती चार-पाचच आकडे असायचे आणि मोठ्या नमुन्यांसाठीची जुनी पद्धत त्यांना पुरत नव्हती. १९०८ साली त्याने 'स्टुडंट' या टोपणनावाने निबंध छापला. त्यात पडताळा पाहण्यासाठी त्याने ३,००० कैद्यांच्या मापांचे पत्ते पिसून चार-चारांचे ७५० नमुने काढले होते, तेही संगणकाशिवाय. आज आपण जे टी आणि स्वातंत्र्य मात्रांचे कोष्टक वापरतो, त्याला हे रूप पुढे फिशरने दिले.

५. पी-मूल्य ०.०३ आले. म्हणजे दावा खरा असण्याची शक्यता ३ टक्के, बरोबर ना?

नाही. आणि तोंडी परीक्षेत हमखास इथेच अडवतात. ०.०३ चा अर्थ असा: दावा खरा धरला, तर एवढा किंवा याहून मोठा फरक केवळ योगायोगाने दिसण्याची शक्यता १०० त ३. सुरुवातच 'दावा खरा धरला तर' अशी आहे, त्यामुळे दावा किती खरा याचे माप त्यातून निघणार नाही. फरक किती मोठा आहे, हेही त्यात नसते. त्यासाठी विश्वास अंतराल, म्हणजे खरी सरासरी ज्या दोन आकड्यांदरम्यान असावी तो पल्ला, लागतो, तो प्रश्न ६ मध्ये.

६. अहवालात निकाल कसा लिहायचा?

'शून्य गृहीतक (इथे ७.७ चा दावा) नाकारले' एवढ्यावर थांबू नका. वरच्या उदाहरणात ७.३५ च्या दोन्ही बाजूंना २.२६२ गुणिले ०.१३६, म्हणजे ०.३१ ठेवले, की ९५ टक्के विश्वास अंतराल मिळतो: ७.०४ ते ७.६६ ग्रॅम. मग असे लिहा: 'दहा झाडांच्या बियांचे सरासरी वजन ७.३५ ग्रॅम (प्रमाण विचलन ०.४३) भरले. ९५ टक्के विश्वास अंतराल ७.०४ ते ७.६६. जातीसाठी सांगितलेल्या ७.७ ग्रॅमपेक्षा हे कमी आहे; टी = −२.५७, स्वातंत्र्य मात्रा ९, पी = ०.०३.' बागायतदाराला यातला अंतरालच समजतो आणि त्याच्या कामाचाही तोच आहे.

७. तुलनेचा आकडा कुठून घ्यायचा? मागच्या वर्षीच्या प्रकल्पातली सरासरी चालेल का?

नाही चालणार. मागच्या वर्षीची सरासरी हाही एक नमुनाच. तिचेही हेलकावे आहेत, आणि एका नमुन्याची चाचणी ते शून्य धरते. तेव्हा त्यांचे मूळ आकडे मिळवा आणि दोन नमुन्यांची चाचणी करा. निदान त्यांची सरासरी, प्रमाण विचलन आणि नमुन्याची संख्या तरी हवी.

तुलनेचा आकडा तुमच्या मोजमापाच्या आधी आणि त्याच्याशी संबंध न ठेवता ठरलेला असावा. वेष्टनावरचे वजन असे असते. मानकही असते: हवेतल्या पीएम २.५ कणांसाठी देशाचे वार्षिक मानक ४० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, तर २४ तासांचे ६०. कुठले घ्यायचे, हे तुम्ही काय मोजले त्यावर ठरेल. दोन दिवस यंत्र लावून आलेली सरासरी वार्षिक ४० शी ताडून पाहणारे प्रकल्प मी वाचले आहेत. कुणाचा आकडा चुकीचा नव्हता, तुलनाच चुकीची होती.

'सरासरी पाऊस' हा त्याहून फसवा. हवामान खाते देशाच्या मोसमी पावसाची दीर्घकालीन सरासरी आता १९७१ ते २०२० या काळावरून ८७ सेंटिमीटर धरते. त्याआधी १९६१ ते २०१० वरून ती ८८ होती. ठरलेला वाटणारा आकडाही असा बदलतो. अहवालात आकड्यासोबत तो कुठल्या काळाचा, तेही लिहा.

आणि मोजण्याची रीत एकच हवी. माहितीपत्रकातले वजन वाळलेल्या बीचे असेल आणि तुम्ही कालच बोंडापासून सोडवलेली ओली बी तोलली, तर चाचणी फार तर ओलावा मोजेल.

८. चार झाडांच्या प्रत्येकी दहा बिया मोजल्या. मग नमुना ४० चा ना?

प्रश्न 'या बागेतल्या झाडांची बी केवढी' असा असेल, तर नाही. नमुना चारचा.

एका झाडाच्या दहा बिया एकमेकींच्या बहिणी. माती तीच, ऊन तेच, झाडाचे वयही तेच. पहिल्या दोन-तीन बिया मोजल्यावर त्या झाडाबद्दल कळायचे ते बरेचसे कळून चुकते. उरलेल्या सात नव्या माहितीची फारशी भर घालत नाहीत, पण सूत्र मात्र त्यांना स्वतंत्र साक्षीदार समजते.

समजा चार झाडांच्या सरासऱ्या ७.०, ७.३, ७.४ आणि ७.९ आल्या. चाळीसही बिया एकत्र टाकून प्रमाण विचलन ०.५ च्या आसपास आले, तर टी सुमारे −३.८ आणि पी ०.००१ च्याही खाली. विद्यार्थी खूश. आता बरोबर रीतीने: चार आकड्यांची सरासरी ७.४, प्रमाण विचलन ०.३७, प्रमाण त्रुटी ०.१९, टी = −१.६. स्वातंत्र्य मात्रा ३ ला कोष्टकातला आकडा ३.१८२. ठाम काहीच म्हणता येत नाही.

बिया त्याच, वजने तीच. त्याच कष्टात चाळीस झाडांची एकेक बी घेतली असती तर उत्तर कितीतरी पक्के मिळाले असते. हे आगाऊ ठरवावे लागते, कारण हंगाम सरल्यावर परत जाऊन बिया मिळत नाहीत. कागदावर झाडांना क्रमांक द्या आणि चिठ्ठ्या टाका. वाटेकडेची, हाताला येणारी झाडे निवडू नका.

एकाच विहिरीचे रोजचे पाणी, लागोपाठच्या दिवसांची हवा, एका तुकडीतल्या गोळ्या, एकाच भट्टीचे पाव: सगळीकडे हाच घोळ.

९. किती नमुना पुरेल?

केवढा फरक तुम्हाला महत्त्वाचा वाटतो, ते आधी सांगा. बीच्या वजनातला ०.२ ग्रॅमचा फरक खरोखर असला तर तो ८० टक्के वेळा तरी पकडता यावा, पातळी ५ टक्के, प्रमाण विचलन अंदाजे ०.४३. हिशेब असा: २.८ (५ आणि ८० टक्क्यांसाठीचा ठरलेला गुणक) गुणिले ०.४३ भागिले ०.२, म्हणजे ६.०२, त्याचा वर्ग ३६. टीसाठी दोन-तीन वाढवा, म्हणजे ३८-४० झाडे. निम्मा फरक पकडायचा तर जवळपास चौपट झाडे लागतात. इथे बरेच जण प्रकल्पाचा विषय बदलतात, आणि ते शहाणपणाचे असते.

१०. एकतर्फी (एकाच बाजूचा फरक धरणारी) चाचणी केली की निकाल सार्थक (पी ठरलेल्या पातळीच्या खाली) येतो, दुतर्फी केली की नाही. कुठली देऊ?

आकडे पाहण्याआधी जी ठरवली होती ती. काहीच ठरवले नसेल तर दुतर्फी. 'हवा मानकापेक्षा वाईट आहे का' अशा प्रश्नात विरुद्ध बाजूच्या फरकाला काही अर्थ नसतो, म्हणून एकतर्फी रास्त. पण पी ०.०७ आल्यावर बाजू निवडून ते निम्मे करणे ही लबाडी आहे, आणि परीक्षकाला ती लगेच दिसते.

११. आकडे नॉर्मल वितरणाचे (मध्ये गर्दी, दोन्ही बाजूंना सारखी उतरण) नाहीत. टी-चाचणी करू की नको?

आकड्यांचे चित्र काढा. किंचित तिरपेपणा असला आणि नमुना वीस-तीसच्या पुढे असला, तर टी बरेच सहन करते. तिला एका बाजूचे लांब शेपूट सोसत नाही. मालीमच्या धक्क्यावर लागणाऱ्या ट्रॉलरांची रोजची मासळी घ्या: बहुतेकांची बेताची, एखाद्याला मोठे घबाड. तिथे पंधरा आकड्यांवर टी भरवशाची नाही.

पर्याय आहेत, पण प्रत्येकाचा प्रश्न थोडा वेगळा आहे. चिन्ह चाचणी मध्यकाबद्दल बोलते. विल्कॉक्सनची चाचणी मध्यकाबद्दल बोलते खरी, पण वितरण दोन्ही बाजूंना सारखे असेल तरच. तिरप्या आकड्यांवर तीच 'उपाय' म्हणून सर्रास सुचवली जाते, हे गमतीचे आहे. लॉग घेतले तर तुलना भूमितीय सरासरीशी होते. सरासरीच हवी असेल, एकूण मासळीचा अंदाज करायचा असेल, तर बूटस्ट्रॅप करा (त्याच आकड्यांतून संगणकाने पुन्हा पुन्हा नमुने काढा) किंवा नमुना वाढवा. मात्र १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळातली शून्ये नमुन्यात घालू नका.

१२. एक आकडा फारच बाहेर आहे. काढून टाकू?

लिहिताना-तोलताना चूक झाली असे सिद्ध होत असेल तरच. नाहीतर त्याच्यासह आणि त्याच्याविना, दोन्ही निकाल द्या.

१३. एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या संगणक प्रणालीत टी ५४ आला! एवढा मोठा असतो का?

'टेस्ट व्हॅल्यू' या चौकटीत आपोआप ० असतो, तो तसाच राहिला. बीचे वजन शून्य ग्रॅम आहे का, हे तुम्ही तपासलेत: ७.३५ भागिले ०.१३६, म्हणजे ५४. तिथे ७.७ घाला. आर या दुसऱ्या प्रणालीतही म्यू, म्हणजे तुलनेचा आकडा, आपणहून दिला नाही तर तो शून्यच धरला जातो.

एक्सेलच्या डेटा ॲनालिसिसमध्ये एका नमुन्याची चाचणी सापडत नाही, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. वजनांच्या शेजारच्या स्तंभात दहाही ओळींत ७.७ भरा आणि जोडीची टी-चाचणी, पेअर्ड, निवडा. सहसंबंधाच्या खान्यात त्रुटीचा संदेश येईल, कारण दुसरा स्तंभ बदलतच नाही. तो सोडून द्या. टी आणि पी बरोबर असतात.

१४. आधी-नंतरचे आकडे आहेत. ही दोन नमुन्यांची चाचणी का?

वस्तू किंवा माणसे तीच असतील तर नाही. प्रत्येकाचा नंतरचा आकडा वजा आधीचा काढा. फरकांचा एकच स्तंभ उरेल. त्याची सरासरी शून्यापेक्षा वेगळी आहे का, हे प्रश्न २ च्या रीतीने तपासा. प्रश्न १३ मधली एक्सेलची युक्ती चालते ती याचमुळे.

१५. प्रश्नावलीत १ ते ५ गुण आहेत. सरासरीची तुलना ३ शी करायला मार्गदर्शकांनी सांगितले आहे.

करता येईल, पण ३ ही कुठल्याही लोकसंख्येची सरासरी नाही, पट्टीचा मध्यबिंदू आहे. लोक नम्रपणे ४ लिहितात, त्यामुळे 'सरासरी ३ पेक्षा सार्थकपणे जास्त' हा निकाल जवळपास प्रत्येक प्रबंधात निघतो आणि त्यातून फारसे काही कळत नाही. किती जणांनी कुठला पर्याय निवडला, तो तक्ता आधी द्या.

१६. आमच्या शाळेतल्या दहावीच्या सगळ्या ५८ मुलांची सरासरी गोवा बोर्डाच्या सरासरीशी ताडून पाहायची आहे.

सगळी मुले मोजलीत, तर नमुना उरलाच नाही. सरासरी जास्त आहे की कमी, ते थेट दिसते. पी-मूल्य काढायचे तर 'ही मुले कशाचा नमुना आहेत' याचे उत्तर हवे, आणि 'गोव्यातल्या मुलांचा यादृच्छिक नमुना' हे उत्तर खोटे आहे. शाळा चिठ्ठ्या टाकून भरत नाही.

छोट्या गटातून बराच मोठा भाग निवडला असेल, समजा ५८ पैकी ३०, तर प्रमाण त्रुटी सान्त समष्टीच्या (मर्यादित मूळ गटाच्या) गुणकाने कमी करावी लागते. इथे २८ भागिले ५७ चे वर्गमूळ, म्हणजे ०.७०. नमुना एकूण गटाच्या ५ टक्क्यांहून कमी असेल तर कुणी हा खटाटोप करत नाही.

१७. बारा तालुक्यांत बारा चाचण्या केल्या. एका तालुक्यात सार्थक फरक मिळाला. तोच मथळा करू?

बाराही ठिकाणी खरा फरक नसला, तरी ५ टक्के पातळीवर निदान एक चाचणी 'सार्थक' निघण्याची शक्यता ४६ टक्के आहे. मथळा करायचा तर पातळी ५ भागिले १२, म्हणजे ०.४ टक्क्यावर आणा. तरी टिकला तर जरूर करा. आणि उरलेल्या अकरांचे निकाल लपवू नका.

१८. फरक सार्थक आला नाही. 'सरासरी तेवढीच आहे' असे लिहू?

'फरक असल्याचा पुरेसा पुरावा मिळाला नाही' असे लिहा. चार झाडांवर काही दिसले नाही म्हणजे काही नाही, असे होत नाही. समानता दाखवायचीच असेल तर किती फरक चालण्यासारखा आहे, ते आधी ठरवा, समजा ०.३ ग्रॅम. मग ९० टक्के विश्वास अंतराल पूर्ण ७.४ ते ८.० च्या आत बसतो का पाहा. औषध कंपन्या दोन गोळ्या शरीरात सारख्याच शोषल्या जातात हे दाखवतात, ते याच धर्तीवर.

१९. यंदा पेडण्यात प्रचंड पाऊस झाला. तो मागच्या तीस वर्षांच्या सरासरीपेक्षा सार्थकपणे जास्त आहे का?

यंदाचे वर्ष हा एकच आकडा आहे, आणि एका आकड्याला प्रमाण विचलन नसते. इथे पारडी उलटी आहेत: नमुना म्हणजे ती तीस वर्षे आणि परीक्षा एका नव्या वर्षाची. यंदाच्या पावसातून तीस वर्षांची सरासरी वजा करा. तीस वर्षांच्या प्रमाण विचलनाला (१ + १/३०) या बेरजेच्या वर्गमुळाने गुणा आणि आधीच्या फरकाला त्याने भागा. उत्तर स्वातंत्र्य मात्रा २९ च्या टीशी ताडा. प्रमाण त्रुटीने भागाल तर जवळजवळ प्रत्येक वर्ष असाधारण ठरेल. आणि पाऊस प्रचंड झाला म्हणूनच हा प्रश्न सुचला असेल, तर प्रश्न १० आणि १७ मधले इशारे इथेही लागू आहेत.

२०. दुकानातल्या पाकिटांचे वजन कमी भरते. टी-चाचणी लावून तक्रार करू का?

तक्रार करा, पण वजनमापे खात्याला तुमच्या पी-मूल्याची गरज नाही. वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांत नमुना कसा काढायचा, सरासरी किती असावी आणि एका पाकिटात जास्तीत जास्त किती तूट चालेल, हे दिलेले आहे. निरीक्षक त्यानुसार तपासतात. तुम्ही एवढेच करा: पाकिटे फोडू नका, बिल ठेवा, तुकडीचा क्रमांक नोंदवा. आणि तोलताना तशाच दुसऱ्या रिकाम्या पिशवीचे वजन वजा करायला विसरू नका.